घाणेरी आणि सिंहपुच्छ माकड

गावाबाहेरच्या माळावर किंवा शेताच्या बांधावर घाणेरीचे झुडूप कोणी पाहिले नाही? पान चुरगाळले की उग्र दर्प येतो, म्हणून तिला हे नाव पडले. फुले मात्र मनोहर असतात. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, तांबडी फुले दिसतात, कारण पिवळे उमललेले फूल पुढे रंग पालटते. या रूपावर भुलून लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून ती भारतातील बागांत आणली. पण ती बागेत थोडीच राहणार! बुलबुल तिची काळी फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. गुरे तिच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. तोडली वा जाळली, तरी ती बुडख्यातून पुन्हा फुटते. दाट सावली तेवढी तिला मानवत नाही.

आता या सावलीतच राहणारा एक प्राणी पाहू. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू येथील सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत सिंहपुच्छ माकड राहते. जगात इतरत्र कोठेही ते रानात आढळत नाही. अंग काळेभोर आणि मुखाभोवती रुपेरी आयाळ. सिंहाचे नाव त्याला आयाळीवरून मिळाले असे वाटेल; पण ते मिळाले शेपटीच्या टोकाच्या गोंड्यावरून. उंच वृक्षांच्या फांद्यांवरूनच त्याचा सारा प्रवास चालतो. फळे आणि किडे खाऊन ते जगते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते आणि पुढचे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. आज अशी प्रौढ माकडे अडीच हजारांहूनही कमी उरली असावीत, असा अंदाज आहे.

तमिळनाडूतील अण्णामलै डोंगरांत वालपरै नावाचे गाव आहे. तेथे चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी अरण्य तोडले गेले आणि त्याचे लहान लहान तुकडे उरले. वृक्ष पडले तेथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचले. घाणेरीला हवे होते ते हेच. माकडाची वाट मात्र तुटली. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी त्याला जमिनीवर उतरून सडक ओलांडावी लागते आणि कित्येकदा ते मोटारीखाली सापडते.

म्हणून तेथे सडकेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे झुलते पूल बांधले आहेत. आग विझवण्याच्या जुन्या नळ्यांचाही त्यासाठी उपयोग केला आहे. पिलांना पोटाशी धरून माद्या त्यांवरून पलीकडे जातात.