घरपोच मालाचा विलंब आणि परतीची कपात

माणदेशातील डाळिंबाची बाग ठिबकाच्या पाण्यावर जगते. ऐन उन्हाळ्यात ठिबकसंचाची गाळणी निकामी झाली आणि नवी भ्रमणध्वनीवरून मागविली, तर ती चार दिवसांत येते की बारा, याला फार महत्त्व येते. मागणी नोंदविताना माल रवाना होण्याची तारीख व तो घरी पोहोचण्याची तारीख या दोन्ही निरनिराळ्या वाचल्या पाहिजेत. माल रवाना झाला म्हणजे म्हसवडला किंवा आटपाडीला आला, असे नव्हे. तेथून वाडीवस्तीचा टप्पा उरतोच.

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम जारी केले. माल सदोष, बनावट वा जाहिरातीहून भिन्न निघाला, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला, तर तो परत घेण्यास व पैसे परत करण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. विलंब आवाक्याबाहेरील आपत्तीमुळे झाला असेल, तर मात्र हे बंधन नाही.

परत आलेला माल पुन्हा साठ्यात घेण्यासाठी काही विक्रेते रक्कम कापून घेतात. अशा कपातीचा नियमांत नावानिशी उल्लेख नाही. म्हणून परतीचे कारण पाहावे लागते. ग्राहकाचे मन बदलले असेल, तर आधी जाहीर केलेल्या अटी लागू होतात, आणि परतीचा खर्च आधी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दोष वा विलंब विक्रेत्याकडील असताना केलेली कपात मात्र नियमांच्या हेतूशी विसंगत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मागणी रद्द करण्याचा आकार ही वेगळी बाब होय. कंपनी स्वतः मागणी रद्द करताना तसाच आकार सोसत नसेल, तर तिला तो ग्राहकाकडून घेता येत नाही.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. त्याने ४८ तासांत पोच व एक महिन्यात निवारण द्यावयाचे असते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मालाची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिली. दहिवडीच्या ग्राहकास सातारा, आटपाडीच्या ग्राहकास सांगली पुरते. कंपनीच्या दूरच्या शहरी जाण्याचे कारण नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी माल घेणारा शेतकरीही या कायद्याने ग्राहकच ठरतो.

पोहोचण्याची तारीख पडद्यावर मागाहून बदललेली आढळते. यास्तव मागणी नोंदविली त्याच दिवशी त्या पानाचे छायाचित्र काढून पावतीसोबत ठेवावे.