नांगरलेले मन: वचन ऐकण्यापूर्वीची तयारी



गेल्या रविवारी मंडळीत कोणत्या शास्त्रभागावर उपदेश झाला, आठवते का? लगेच सांगता आले नाही, तर खजील होऊ नका. आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती आहे. आपण वर्षानुवर्षे वचन ऐकत आलो. पवित्र शास्त्र घरात आहे, मोबाइलमध्येही आहे. तरी आपला राग तसाच आहे, भीती तशीच आहे आणि जुने भांडणही मिटलेले नाही. मग आपण म्हणतो, "मला शास्त्र समजत नाही," किंवा "वाचायला बसलो की मन लागत नाही." त्यावर उपाय म्हणून आपण नवा उपदेशक शोधतो, नवे पुस्तक आणतो.

प्रभू येशूने या अडचणीचे मूळ दुसरीकडे दाखवले. बी चांगलेच आहे. जमिनीकडे पाहा, असे तो पेरणाऱ्याच्या दाखल्यातून शिकवतो. आज आपण त्या जमिनीची पाहणी करू या.

दाखल्यातील शेत

हा दाखला मत्तय १३, मार्क ४ आणि लूक ८ या अध्यायांत आहे. येशू गालील सरोवरात एका मचव्यात बसला होता आणि लोक काठावर उभे होते. त्यांना हे शेत समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या देशात पेरणी आपल्या रब्बीसारखी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पहिला पाऊस पडला की गहू आणि जव पेरायचे, आणि एप्रिल-मेमध्ये कापणी करायची. शेतांमधून पायवाटा जात. शिष्य शेतातून चालता चालता कणसे मोडत होते, हे मार्क २ मध्ये आपण वाचतो. कितीतरी ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली खडक असे.

दाखल्यात पेरणारा एकच आहे आणि बीही एकच आहे. पीक मात्र चार ठिकाणी चार तऱ्हेचे. म्हणून लूक ८:१८ मध्ये प्रभू आपल्याला सावध करतो, की तुम्ही कसे ऐकता याकडे लक्ष द्या. किती ऐकले यापेक्षा कसे ऐकले, हे महत्त्वाचे आहे.

"माझी जमीनच खडकाळ, त्याला मी काय करू?" असे कोणी म्हणेल. पण होशेय १०:१२ आणि यिर्मया ४:३ मध्ये देव आपल्या लोकांना पडीक जमीन नांगरायला सांगतो. जी जमीन बदलूच शकत नाही, ती नांगरायला कोणी सांगत नाही. नवे हृदय देणारा देवच आहे, हे यहेज्केल ३६:२६ मध्ये स्पष्ट आहे. पाऊस त्याचा, बी त्याचे आणि वाढही त्याचीच. तरी नांगर हाती धरायला तो आपल्याला बोलावतो, आणि त्यासाठी लागणारे बळही तोच देतो.

१. वाट: सवयीने कठीण झालेले मन

वाटेची माती मुळात निराळी नसते. शेजारच्या शेतातलीच ती माती, पण रोजच्या पावलांनी तुडवून टणक झालेली. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींविषयी आपलेही असेच होते. उधळ्या पुत्राचा दाखला सुरू झाला की "हा ठाऊक आहे" म्हणून मन पुढे निघून जाते. बी वरच राहते आणि पाखरे ते टिपून नेतात. उपासना संपून चपला घालेपर्यंत वचन विसरलेले असते.

यावर उपाय म्हणजे थांबणे. एका वेळी चार-पाच ओवीच वाचा, पण दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी स्वतःला विचारा, "यात आज मला न आवडलेले काय आहे?" जिथे वचन टोचते, तिथेच नांगराचा फाळ जमिनीत शिरलेला असतो.

२. खडक: आनंद आहे, मूळ नाही

दुसरे मन वचन आनंदाने स्वीकारते. शिबिरात डोळे भरून येतात, हात उंचावतात, मोठे निश्चय होतात. पण संकट आले, घरच्यांनी टोमणे मारले, नोकरीत खोटी सही करायची वेळ आली, की ते कोमेजते. अशा माणसाची भावना खोटी नसते. मातीच उथळ असते.

मूळ आज्ञापालनाने खोल जाते. एज्रा ७:१० मध्ये एज्राविषयी तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत: त्याने नियमशास्त्राचा अभ्यास करण्याचे, ते आचरण्याचे आणि मग ते शिकवण्याचे मनात धरले होते. आपण बहुतेकदा मधली पायरी गाळतो. वाचतो आणि लगेच दुसऱ्याला सांगतो. पुढचा अध्याय उघडण्याआधी पाहा, मागच्या अध्यायात जे समजले ते केले आहे का?

३. काटे: आधी काढायचे ते

हरळी माजलेल्या शेतात नुसती वरची पाती कापून भागत नाही. ती मुळासकट वेचावी लागते, नाहीतर पहिल्या पावसात पुन्हा फुटते. प्रभूने काट्यांची नावेही सांगितली आहेत: संसाराची चिंता, पैशाची भूल आणि इतर गोष्टींचा लोभ.

१ पेत्र २:१-२ मधील क्रम इथे नीट पाहा. प्रेषित आधी पाच गोष्टी टाकून द्यायला सांगतो: दुष्टपणा, कपट, ढोंग, हेवा आणि निंदा. त्यानंतरच तो वचनाच्या दुधाची इच्छा धरायला सांगतो. याकोब १:२१ मध्येही हाच क्रम आहे. आधी मलिनता काढायची, मग नम्रतेने वचन स्वीकारायचे. आपण उलट करतो. वचनाची भूक लागली की पाप सुटेल, म्हणून वाट पाहत बसतो. पण पोटात दुसरेच काही भरलेले असताना भूक लागणार कशी?

समजा, शेताच्या बांधावरून तुमचे आणि सख्ख्या भावाचे बोलणे बंद आहे. तुम्ही रोज सकाळी सहा वाजता शास्त्र उघडता. पण क्षमेचा भाग आला की पान उलटता. अशा वेळी आणखी एक तास वाचल्याने वाढ होणार नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो, की अर्पण वेदीपुढेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. कदाचित तुमच्या आत्मिक वाढीची वाट त्या भावाच्या अंगणातूनच जाते. बांध कोणाचा, हा निकाल नंतरही लागू शकेल. पण "दादा, माझे चुकले" हे शब्द आज म्हणता येतात.

४. चांगली जमीन: धीर धरणारी

लूक ८:१५ मध्ये चांगल्या जमिनीची खूण सांगितली आहे. ती वचन धरून ठेवते आणि धीराने फळ देते. कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट. तीसपट देणाऱ्या जमिनीला प्रभूने नापीक म्हटलेले नाही. शेजाऱ्याचे पीक पाहून निराश होऊ नका.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. संस्कृतच्या विदुषी असलेल्या रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी शास्त्र वाचले होते, प्रश्न विचारले होते, विचारपूर्वक निर्णय घेतला होता. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले. एवढ्या नावाजलेल्या स्त्रीने असे कबूल करणे सोपे नव्हते. तीच नम्रता म्हणजे नांगरलेली जमीन. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनचे काम सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या माणसाला समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. आठ वर्षे मातीखाली असलेले बी किती जणांच्या ताटात भाकर होऊन गेले!

तुमच्या बाप्तिस्म्याला वीस वर्षे झाली असतील आणि आज तुम्हाला हीच उणीव जाणवत असेल, तर घाबरू नका. ती जाणीव हीच नांगरणीची सुरुवात आहे.

वाफसा येऊ द्या

शेतकरी पाऊस पडताच पाभर घेऊन धावत नाही. चिखलात बी कुजते, कोरड्या मातीत ते उगवत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. मनालाही वाफसा लागतो. भांडण करून आल्या आल्या किंवा मोबाइल खाली ठेवल्या ठेवल्या आपण शास्त्र उघडतो आणि मग मन लागत नाही म्हणतो. या आठवड्यात एवढे करून पाहा:

१. वाचण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. मनात कोणाविषयी कटुता आहे, ते देवाला नाव घेऊन सांगा.

२. मार्क ४:१-२० हाच भाग सातही दिवस वाचा. रोज एकच ओळ वहीत लिहा: "आज माझी जमीन कशी होती?"

३. जे समजेल त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी करा.

४. रविवारी उपासनेनंतर घरी जाताना ऐकलेले वचन घरातल्या एकाला दोन वाक्यांत सांगा.

स्वतःला विचारा

माझ्या मनातील कोणती जागा मी अनेक वर्षे पडीक ठेवली आहे? कोणता शास्त्रभाग वाचायचा मी टाळतो, आणि का? या आठवड्यात मला कोणाच्या दारी जायला हवे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझे वचन मी पुष्कळ ऐकले, पण थोडेच धरून ठेवले. माझ्या मनाची वाट झाली आहे, ती फोड. खाली दडलेला खडक मला दाखव. जे काटे मी सांभाळून ठेवले आहेत, ते उपटायला मला बळ दे. तू पेरलेले माझ्यात रुजू दे, आणि तुझ्या वेळी त्याचे फळ दुसऱ्याच्या उपयोगी पडू दे. आमेन.