आंब्याची पेटी आणि व्हॉट्सॲपचा स्टेटस : व्यवसायासाठी सोशल मीडिया



बारावी वाणिज्यला 'विपणन' हा घटक शिकवताना मुलं व्याख्या पाठ करतात, फरक स्पष्ट करतात, पण जाहिरात स्वतः कधी लिहीत नाहीत. म्हणून यंदा डिसेंबरात मी एक उपक्रम दिला. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका व्यवसायासाठी व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर लिहून आणा, एवढंच.

एका मुलीच्या घरी एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या विकतात. बाग मामाची, राजापूरजवळ. तिने लिहिलं होतं, "१००% ओरिजिनल देवगड हापूस! पूर्णपणे नैसर्गिक! त्वरा करा!!" मी विचारलं, अगं, राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात आणि देवगड सिंधुदुर्गात, मग हे कसं? ती म्हणाली, "मॅडम, सगळे असंच लिहितात. देवगड लिहिलं की लगेच जातो."

बाकीच्या वह्या बाजूला ठेवल्या आणि दोन तासिका याच मजकुरावर घालवल्या.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा हापूस त्यात येतो. म्हणजे मामाचा आंबा हापूस म्हणून अस्सलच आहे, त्याला उसनं नाव कशाला? (मानांकनाचं चिन्ह पेटीवर छापायचं असेल तर मात्र 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी लागते, हे मुलांना सांगावं.) परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो तेव्हा आपण ओरडतो. मग आपणच नाव बदललं तर आपल्याला ओरडायला तोंड उरतं का?

'पूर्णपणे नैसर्गिक' हेही तसंच. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत चालतो. मामा आंबा पेंढ्याच्या अढीत पिकवतात. मग तेच लिही ना! "अढीत पिकवलेला" यात माहिती आहे, 'नैसर्गिक' या शब्दात काहीच नाही.

सगळ्यात जास्त चर्चा साक्यावर झाली. पालकांपैकी कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. आंबा वरून देखणा असतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा निघतो. बाहेरून ते विक्रेत्यालाही कळत नाही. एक मुलगा म्हणाला, मग ते लिहायचंच कशाला, गिऱ्हाईक पळेल. दुसरीने उत्तर दिलं, "अरे, साका निघाल्यावर बाई सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतील, तेव्हा काय करशील?" मला हेच शिकवायचं होतं. वर्तमानपत्रातली जाहिरात गिऱ्हाईक वाचतं आणि बाजूला ठेवतं. इथे ते त्याच जागेवर उलट बोलतं, आणि शेजारचे पन्नास जण ऐकतात. साक्याबद्दल आधीच सांगून बदली फळ देणारा विक्रेता पुढच्या हंगामात त्याच ग्रुपवर आपोआप आठवला जातो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. मला ही अडचण वाटत नाही, गाळणी वाटते. शाळेच्या पालक-ग्रुपमधून नंबर उचलून स्वतःचा 'आंबा ग्रुप' काढणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो नंबर मुलाच्या गृहपाठासाठी दिलेला असतो, पेटीसाठी नाही. दिवसाला सहा स्टेटस टाकण्यापेक्षा तोडणीची तारीख, फळाचं वजन आणि डझनाचा भाव सांगणारा एक पुरे.

कायद्याचं काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि तेवढाच तिची भलामण करणाऱ्यालाही. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन रील करणाऱ्याने ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगायचं असतं. हे ऐकून मागचा बाक एकदम शांत झाला. रील करणारे तिथेच बसतात!

आता पालकांसाठी जरा वेगळं, पण याच धड्यातलं. आपल्यापैकी अनेकांनी मुलांचे चेहरे एखाद्या क्लासच्या फेसबुक पानावर पाहिले असतील. माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा गुणांसह फोटो एका क्लासने लावला. ती तिथे फक्त शेवटच्या सराव परीक्षांना गेली होती. तिला कोणी विचारलंही नव्हतं. तिच्या वडिलांनी फोन केला तर उत्तर आलं, "अहो, कौतुकच केलंय!" नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते, तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या अर्जात आधीच सही करून घेतलेली चालत नाही. शिवाय त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम केला होता हेही जाहिरातीत सांगावं लागतं. मोठ्या क्लाससाठीचे हे नियम छोट्या घरगुती शिकवणीलाही रीत म्हणून पाळता येतात. प्रवेश घेताना छापील अर्जातली बारीक अक्षरं जरूर वाचा.

दुसऱ्या तासिकेच्या शेवटी तिने मजकूर पुन्हा लिहिला :

"आमच्या मामाच्या बागेतला राजापूरचा हापूस. तोडणी झाली की तारीख कळवू. अढीत पिकवतो, म्हणून पेटी मिळाल्यावर काही फळं चार-पाच दिवसांनी तयार होतील. साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ. निरोप नको असतील तर 'नको' लिहा, नंबर काढून टाकू."

खाली भाव लिहायची जागा रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मोहोर कसा धरतोय ते बघून मामा सांगणारेत."