वाहनाचे ॲव्हरेज : अचूक मोजणीची रीत

‘गाडी लिटरला किती जाते?’ हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात नवी मोटारसायकल घेणाऱ्या तरुणापासून भाड्याने पिकअप लावणाऱ्या व्यावसायिकापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. त्याचे उत्तर मात्र बहुधा अंदाजानेच दिले जाते. या अंदाजावर पुढे बरेच काही अवलंबून राहते. ॲव्हरेज घटले असे वाटले की मालक चालकावर डिझेल काढल्याचा संशय घेतो, चालक पंपाच्या मापाकडे बोट दाखवितो आणि मेकॅनिक इंजिन उघडावयास सांगतो. तिघांपैकी कोणाजवळही विश्वासार्ह आकडा नसतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. १९७३ च्या तेलसंकटाने या परावलंबनाची जाणीव तीव्र झाली आणि १९७८ मध्ये पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था इंधन बचतीच्या कार्यासाठी अस्तित्वात आली. तथापि बचत झाली किंवा नाही हे कळण्यासाठी आधी खर्च नीट मोजता आला पाहिजे.

मोजणीची सर्वमान्य रीत ‘टाकी ते टाकी’ ही होय. टाकी पूर्ण भरावी व मीटरवरील किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. नेहमीप्रमाणे गाडी वापरावी. पुन्हा टाकी पूर्ण भरली की मधल्या किलोमीटरांना या दुसऱ्या खेपेस भरलेल्या लिटरांनी भागावे. पहिल्या खेपेचे लिटर हिशेबात धरावयाचे नसतात; ते केवळ आरंभरेषा आखतात. पुष्कळांची चूक येथेच होते. मध्ये कोठे अडीनडीस शंभर-दोनशे रुपयांचे तेल घातले असेल, तर त्याचे लिटर मात्र न विसरता मिळवावे. पावतीवर रुपयांप्रमाणेच लिटरही छापलेले असतात.

‘पूर्ण टाकी’ म्हणजे नेमके काय, हा या रीतीतील नाजूक भाग आहे. पंपाच्या नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. तेल त्या छिद्रापर्यंत चढले की नळी आपोआप बंद होते. गाडी कलती उभी असेल, धार जोरात सोडली असेल किंवा डिझेलला फेस आला असेल, तर ती थोडी आधी वा नंतर बंद होते. मोटारसायकलच्या टाकीत असा २०० मिलिलिटरचा फरक सहज पडतो. खरे ॲव्हरेज ५० असलेल्या गाडीने १०० किलोमीटर जाऊन हिशेब केला, तर एवढ्या फरकाने ते ४५ किंवा ५५ दिसू शकते. तोच हिशेब १,००० किलोमीटरवर केला तर ४९.५ ते ५०.५ यांच्या आत राहतो. म्हणून एका भरणीवरून काढलेले ॲव्हरेज हे ॲव्हरेज नव्हेच. शक्यतो तोच पंप, तीच नळी, तीच सपाट जागा असावी आणि नळी पहिल्यांदा बंद झाली की थांबावे. पहाटे भरल्यास अधिक तेल मिळते या समजुतीत फारसे तथ्य नाही; पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तिचे तापमान दिवसभरात थोडेच बदलते. ज्या जुन्या मोटारसायकलींना रिझर्व्हचा कॉक आहे, त्यांना आणखी एक सोय आहे. रिझर्व्ह लागताच मोजून तेल भरावे आणि पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंतचे अंतर पाहावे.

या जिल्ह्यात भूरचनेचा विचार केल्यावाचून मोजणी पुरी होत नाही. जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर आहे. सोलापूरहून निघालेली गाडी तुळजापूरचा घाट चढून धाराशिवला पोहोचते तेव्हा ती सुमारे २०० मीटर उंच आलेली असते. मालासह तीन टन वजनाच्या पिकअपला केवळ ही उंची गाठण्यासाठी अदमासे अर्धा लिटर डिझेल जादा लागते. सत्तर किलोमीटरांच्या आतल्या या प्रवासात पाच-सहा लिटर जाणाऱ्या गाडीच्या दृष्टीने हा फरक दहा टक्क्यांच्या घरात जातो. परतीच्या उतारावर त्याचा बराचसा भाग भरून निघतो. म्हणजे सोलापुरात टाकी भरून धाराशिवला हिशेब करणाऱ्यास गाडी खादाड वाटेल आणि उलट दिशेने करणाऱ्यास तीच काटकसरी वाटेल. त्यात भाराची भर पडते. भाजीपाला घेऊन उतरणारी व रिकामी चढणारी गाडी आणि रिकामी उतरून सिमेंट वा खत घेऊन चढणारी गाडी यांची तुलना होऊच शकत नाही. दोन चालकांच्या ॲव्हरेजची बरोबरी करताना मालक नेमके हेच विसरतात. ज्या पंपावरून निघाले त्याच पंपावर परत येऊन टाकी भरणे, हा यावरील साधा उपाय होय.

किलोमीटरचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. टायर झिजले की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाकाचे फेरे वाढतात आणि मीटर अधिक किलोमीटर दाखविते. ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचे रबर सहा मिलिमीटर झिजल्यास ही चूक दोन टक्के होते. नळदुर्ग-उमरगा मार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या माथ्याचे दगड पाहत वीस-तीस किलोमीटर जावे आणि मीटरशी ताडून पाहावे.

नोंदी साठल्या की हिशेबाची आणखी एक चूक संभवते. ३०० किलोमीटरला एकदा २० लिटर आणि एकदा १५ लिटर लागले, तर ॲव्हरेज अनुक्रमे १५ व २० येते. त्यांची सरासरी १७.५ धरणे चुकीचे आहे. एकूण ६०० किलोमीटरांना ३५ लिटरांनी भागले असता खरे उत्तर १७.१ येते.

पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास वाद घालण्याचे कारण नाही. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकास त्यात तेल मोजून मागण्याचा अधिकार आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो. त्याहून अधिक तूट आढळल्यास वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

जाहिरातीतील आकड्याशी आपल्या आकड्याची तुलना करून खंत करू नये. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत गाडी रुळांवर ठराविक क्रमाने चालवून, धुराड्यातून निघणाऱ्या वायूंतील कार्बनवरून इंधनाचा खर्च काढला जातो. तेथे घाट नसतो आणि तुळजापूरच्या यात्रेची गर्दीही नसते. जुन्या वहीशी तुलना करतानाही सावधगिरी हवी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. थोडी घट त्यामुळेही दिसते.

सारखाच मार्ग व भार असूनही लागोपाठच्या दोन-तीन नोंदींत दहा टक्क्यांची घट कायम राहिली, तरच दोष शोधावा. आधी टायरमधील हवा पाहावी, मग ब्रेक घासतो काय ते पाहावे, त्यानंतर एअर फिल्टर आणि तेलाची गळती. इंजिन उघडण्याची किंवा चालकास जाब विचारण्याची पाळी त्यानंतर येते.