हृदयातील जन्मजात छिद्र

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात काहींना जन्मतःच छिद्र असते. त्यातून शुद्ध रक्त उजव्या कप्प्यात शिरते व त्या बाजूवर भार पडतो. हा दोष वर्षानुवर्षे मुका राहतो. पुढे पेडणे-डिचोलीकडील काजूच्या डोंगरावर चढताना धाप लागते आणि माणूस वयाला बोल लावतो. १९७५ साली अमेरिकेत किंग व मिल्स या डॉक्टरांनी छाती न उघडता असे छिद्र बुजविले. आता जांघेतील शिरेतून नळी नेऊन तारांच्या जाळीची चकती तेथे बसवितात. मात्र प्रत्येक छिद्राला हा उपाय चालत नाही. शिवाय फार उशीर झाल्यास फुप्फुसांतील रक्तदाब वाढून छिद्र बुजविणेच घातक ठरू शकते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, वडीलधाऱ्यांची धाप म्हातारपणावर सोडू नका; बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हृदय तपासून घेण्यास त्यांना सांगा.