आजी-आजोबांसाठी कॉलिंग ॲप बनवताना: काय करावे, काय टाळावे

बहुतेक आजी-आजोबांना फोनकडून तीन गोष्टी हव्या असतात: आपल्या माणसांशी बोलणे, त्यांचे चेहरे बघणे आणि वेळप्रसंगी मदतीला हाक मारणे. ॲप बनवणारे ‘वृद्धांसाठी’ म्हणून अक्षरे मोठी करतात आणि काम झाले असे समजतात. पण मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, कंपवात आणि विसर या चार वेगळ्या अडचणी आहेत. एकीचा उपाय दुसरीला चालत नाही. म्हणून ही यादी वयाप्रमाणे न करता अडचणींप्रमाणे केली आहे.

नजर अधू असेल तर

काय करावे
- अक्षर आणि मागचा रंग यांत ठळक फरक ठेवावा. डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांत ४.५:१ हे किमान प्रमाण आहे आणि ७:१ ही वरची पातळी. वृद्धांसाठी वरचीच पातळी धरावी.
- फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर दुप्पट केले की ॲपमध्येही दुप्पट व्हावे आणि बटणावरचा शब्द अर्धवट तुटू नये.
- देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा द्यावी. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो.
- प्रत्येक बटणाला टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर ही स्क्रीन वाचणारी साधने वाचून दाखवतील असे मराठी नाव द्यावे. ‘बटण १७’ ऐकून काहीच कळत नाही. ‘सुनीताला फोन करा’ हे कळते.

काय टाळावे
- नुसत्या रंगावर अर्थ सोपवू नये. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळ्या-हिरव्या छटांतला फरक पुसट होतो. रंगासोबत शब्द हवाच.
- लहान आकाराच्या जाड ठशात नावांची यादी देऊ नये. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकसारखे दिसू लागतात.
- महत्त्वाची सूचना फक्त स्क्रीनवर दाखवून थांबू नये. काचबिंदूत कडेची नजर जाते, तर डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागाची झीज झाली की समोरचेच दिसत नाही. सूचनेला आवाज आणि कंपन यांची जोड द्यावी.

ऐकू कमी येत असेल तर

काय करावे
- रिंगटोन खालच्या पट्टीतली ठेवावी. वयोमानाने उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. कर्कश ट्रिंग ट्रिंग शेजाऱ्याला ऐकू जाते, आजोबांना नाही.
- कॉल चालू असताना स्पीकर, इअरफोन आणि ब्लूटूथचे श्रवणयंत्र यांतला बदल एका बटणावर व्हावा.
- व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा स्क्रीनभर दाखवावा. पुष्कळ जण नकळत ओठ वाचत असतात.
- बोललेले मराठीत लिहून दाखवण्याची सोय द्यावी.

काय टाळावे
- ‘आवाज वाढवा’ एवढ्यावर भागवू नये. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने उंच पट्टीतली असतात, त्यामुळे ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार खरी असते.
- नेट मंदावल्यावर आवाज आणि ओठ यांची फारकत होऊ देऊ नये. त्यापेक्षा चित्र थांबवून तसे स्क्रीनवर लिहावे.

हात थरथरत असतील तर

काय करावे
- बटण मोठे ठेवावे आणि दोन बटणांत मोकळी जागा सोडावी. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटणाचे किमान माप ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, आहे. ते धडधाकट बोटासाठी. इथे त्याहून मोठेच हवे.
- बोट टेकताच नव्हे, तर उचलल्यावर काम व्हावे. म्हणजे चुकीच्या जागी टेकलेले बोट बाजूला सरकवता येते.
- एकाच जागी लागोपाठ पडलेले स्पर्श एकच धरावेत.
- स्पर्श नोंदला गेला की लगेच कंपन द्यावे. कोरड्या, राठ बोटांचा स्पर्श काचेला नीट कळत नाही आणि माणूस जोरजोरात दाबत बसतो.

काय टाळावे
- कॉल घ्यायला बोट सरकवणे किंवा दाबून धरणे भाग पाडू नये.
- ‘घ्या’ आणि ‘तोडा’ ही बटणे शेजारी शेजारी ठेवू नयेत.

विसर पडत असेल, शब्द सापडत नसेल तर

काय करावे
- फोटो, नाव आणि नाते एकत्र दाखवावे: ‘मीना, धाकटी सून’.
- बटणांच्या जागा कायम ठेवाव्यात. जपानच्या राकुराकु फोनवर ठरलेल्या माणसांसाठी १, २, ३ अशी स्वतंत्र बटणे होती. दाबले की थेट फोन लागे.
- अर्धांगवायूनंतर कित्येकांना समजते सगळे, पण शब्द ओठांवर येत नाही. त्यांच्यासाठी चित्रासह तयार वाक्ये द्यावीत: ‘दुखतंय’, ‘घरी ये’, ‘मी बरा आहे’.

काय टाळावे
- प्रत्येक अपडेटला नवे रूप देऊ नये. महिनोन्‌महिने अंगवळणी पडलेले एका रात्रीत जाते.
- पुन्हा पुन्हा लॉगिन, पासवर्ड आणि घाईचा ओटीपी नको.
- ओळख पटवण्यासाठी डोळे मिचकावण्याची सक्ती नको. अशा केवायसीविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

सुरक्षितता आणि मान

काय करावे
- मदतीचे बटण घरच्यांना आणि ११२ला जोडावे. चुकून दाबले गेल्यास रद्द करायला काही सेकंद द्यावेत.
- अनोळखी नंबरचे व्हिडिओ कॉल सुरुवातीपासून बंद ठेवावेत. खोट्या पोलिसांची ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी याच वाटेने येते. फसवणूक झाल्यास लावायचा १९३० हा नंबर ॲपमध्येच असावा.

काय टाळावे
- तातडीचे बटण १४५६७ला जोडू नये. ज्येष्ठांची ही हेल्पलाइन माहिती आणि आधारासाठी आहे, अपघाताच्या धावपळीसाठी नाही.
- मुलांना आई-वडिलांचे लोकेशन किंवा कॉलची यादी गुपचूप दाखवू नये. कॅमेरा आपोआप सुरू होणारा कॉल तर आई-वडिलांच्या स्पष्ट होकाराशिवाय नकोच.
- ‘शाब्बास! जमलं तुला!’ अशी बालवाडीची भाषा वापरू नये. ‘तुम्ही’ म्हणावे आणि सरळ बोलावे.

चाचणी घेताना

काय करावे
- ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात जावे. तिथल्या लोकांचा स्वतःचा जुना फोन, उन्हातला ओटा आणि रडतखडत चालणारे नेट, अशातच ॲप वापरून बघावे.
- दिव्यांग हक्क कायदा, २०१६ एकदा वाचावा. सुगम्यता हा त्यात उपकार नाही, हक्क आहे.

काय टाळावे
- ‘असं दाबा ना आजी’ म्हणत मध्ये पडू नये. बोट कुठे अडते ते गप्प बसून पाहावे.
- नातवाने शिकवून ठेवलेल्या आजोबांवर ॲपचे यश मोजू नये.

शेवटी कसोटी एकच: आजींनी कुणालाही न विचारता आपल्या मैत्रिणीला फोन लावला का? लागला नसेल, तर आजींना शिकवायला बसू नका. ॲप दुरुस्त करा.