जुना फोन, नवे सिम : आधी हे तपासा!

जुना स्मार्टफोन आईला देऊन त्यात जिओचं सिम टाकायचा बेत आहे? मी तपासतो ते असं :

१) लॉक : दुसऱ्या कंपनीचे सिम टाका. अनलॉक कोड मागितला, तर फोन लॉक आहे.

२) बँड : जिओचे ४जी बँड ३ (१८०० मेगाहर्ट्‌झ), ५ (८५०) व ४० (२३००) वर चालते. मॉडेल नंबरवरून फोनचे बँड पाहा.

३) व्होल्टीई : सर्वांत महत्त्वाचे! २०१६ साली सुरू झालेल्या जिओकडे २जी-३जी नाहीच. व्होल्टीई नसेल तर नेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही.

शेवटी कुणाचं तरी चालू सिम घालून कॉल करून बघाच. रात्री-अपरात्री आईला कुणाला बोलवायचं झालं, तर नुसतं नेट काय कामाचं?